बोदोनी फॉन्ट कसा वापरावा: आधी बारीक रेघ सांभाळा

इंग्रजीतली लग्नपत्रिका, अत्तराचं खोकं किंवा मुखपृष्ठ करायचं असेल, तर बोदोनीइतका रुबाबदार फॉन्ट क्वचितच मिळतो. मात्र तो रुबाब टिकतो केसाएवढ्या बारीक रेघेवर. ती तुटली की उरतात नुसते जाड उभे दांडे.

आधी अक्षर मोठं करून पाहा. कॅपिटल 'एच'चे दोन्ही दांडे भरदार, मधली आडवी रेघ मात्र अगदी नाजूक. टोकाची सेरिफ, म्हणजे दांड्याच्या टोकाला जोडलेली छोटी आडवी रेघ, सपाट, काटकोनात बसवलेली. गॅरामाँड या जुन्या वळणाच्या फॉन्टमध्ये ती दांड्यातून वळण घेत उतरते, तशी इथे उतरत नाही. 'ओ'ची जाडी नेमकी डावी-उजवीकडे. ज्याच्या नावाचा हा फॉन्ट, तो जांबात्तिस्ता बोदोनी 1768 पासून इटलीतल्या पार्माच्या ड्यूकच्या छापखान्यात होता आणि तिथेच त्याचं हे वळण घडत गेलं. त्याच्या विधवेने 1818 मध्ये त्याचे अक्षरनमुने दोन खंडांत छापले.

आता सर्वांत महत्त्वाचं काम: आकाराप्रमाणे फॉन्ट निवडा. शिशाच्या खिळ्यांच्या काळात प्रत्येक आकाराचं अक्षर वेगळं कोरलं जाई, आणि लहान अक्षराची बारीक रेघ त्या मानाने जाड ठेवता येई. संगणकावर आपण एकच अक्षर ताणतो किंवा आक्रसतो, तिथेच घात होतो. मथळ्याला देखणं दिसणारं वळण 9 पॉइंटवर आणलं की त्यातल्या रेघा विरतात. म्हणून 'आयटीसी बोदोनी' या आवृत्तीत 6, 12 आणि 72 पॉइंटांसाठी तीन वेगळी वळणं आहेत. मोफत मिळणाऱ्या 'बोदोनी मोडा'त ऑप्टिकल साइझची, म्हणजे आकाराप्रमाणे रेघेची जाडी बदलण्याची सोय आहे, ती जरूर वापरा. तरीही लांबलचक मजकूर मी बोदोनीत लावणार नाही. उभ्या दांड्यांची रांग डोळ्यांना थकवते. लावायचाच असेल, तर दोन ओळींत भरपूर जागा सोडा.

मोठ्या मथळ्यात अक्षरं थोडी जवळ घ्या. सगळी कॅपिटल असतील तर किंचित सैल. भोवती मोकळी जागा हवीच.

मराठी मजकूर सोबत असेल, तर थोडं थांबून विचार करा. बोरूच्या तिरक्या छाटामुळे देवनागरीत जाड-बारीक तिरकं पडतं, बोदोनीत ते सरळ उभं. मराठी मथळ्यालाही तसाच ठसका हवा असेल, तर 'रोझा वन' हा फॉन्ट पाहा. त्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत. खालच्या मजकुराला साधा, एकसारख्या जाडीचा देवनागरी फॉन्ट चांगला.

छापायला देण्याआधी छापखान्यात विचारा की किती बारीक रेघ नीट उठते. खरखरीत कागदावर शाई पसरते. काळ्यावर पांढरी अक्षरं असतील तर चारी बाजूंनी शाई आत सरकते आणि बारीक रेघ बुजते. तिथे अक्षर मोठं करा किंवा जाड वळण घ्या. चार रंगांच्या मिश्रणाऐवजी एकाच शाईत छापा, नाहीतर रंग जरा सरकला तरी रेघेच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात. शेवटी खऱ्या कागदावर, खऱ्या आकारात एक प्रत काढा आणि हातभर अंतरावरून लहान 'ई'ची आडवी रेघ शोधा. ती दिसली नाही, तर पुढच्या मोठ्या आकारावर जा.