होमपेजचा मजकूर आधी मागा, फिग्मा नंतर उघडा

कंपनीच्या होमपेजचं काम पहिल्यांदाच हातात आलेल्यांसाठी हे लिहितेय. मेनू आटोपशीर ठेवायचा, मोबाइलवर आधी बघायचं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. माझे चार महिने जिथे बुडाले ते सांगते.

कंपनी कारखान्यांसाठी वजनकाटे बनवायची. मी फिग्मात, म्हणजे डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, होमपेज केलं. वर मोठा फोटो, त्यावर तीन शब्दांचं शीर्षक, खाली तीन चौकोन आणि मजकुराच्या जागी सगळीकडे लोरेम इप्सम, म्हणजे जागा भरायला टाकतात तो निरर्थक मजकूर. बैठकीत सगळ्यांना आवडलं. आवडणारच, कारण कुणाला खटकेल असं एकही वाक्य त्यात नव्हतं. मंजुरी मिळाली, कोडिंग झालं आणि मग मी मजकूर मागितला. तेव्हा कळलं की ‘आपण नेमकं काय करतो’ यावर कंपनीतल्या तिघांची तीन मतं आहेत. वाद मिटेना, तारीख जवळ आलेली. शेवटी माझ्या जागेत मावेल असं ‘अचूकतेचा नवा आयाम’ टाकलं. चौकोन तीन होते, म्हणून गुणही तीनच शोधले: गुणवत्ता, विश्वास, सेवा.

इथे जरा थांबा, कारण हा घोटाळा डोळ्यांना दिसत नाही. लोरेम इप्सम तुम्हाला हवं तेवढंच लांब असतं. ते कुणाला काही विचारत नाही, कशाला नकार देत नाही. सिसेरोच्या लॅटिन ग्रंथाची मोडतोड करून बनलेला तो मजकूर आहे. अक्षरं कागदावर कशी दिसतील ते बघायला छपाईत तो कामाचा होता आणि फाँट बघायला आजही चालेल. पण होमपेज म्हणजे आधी काय सांगायचं आणि काय मागे ठेवायचं याचा निर्णय. तो निर्णय न घेताच मी चौकट मंजूर करून घेतली होती.

साइट सुरू झाल्यावर एका ग्राहक बाईंच्या शेजारी बसले. त्यांनी फोनवर पान उघडलं, अंगठ्याने खाली नेलं, परत वर आणलं आणि विचारलं, “हे सॉफ्टवेअर विकतात का?” त्यांना दुरुस्तीचा नंबर हवा होता. तो सगळ्यात खाली, पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांत होता. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

मग कंपनीत फोन घेणाऱ्या ताईंजवळ दोन दिवस बसले आणि येणारे प्रश्न वहीत उतरवले. तेच तेच येत होते: एवढ्या वजनासाठी कोणता काटा? काटा चुकीचं दाखवतोय, माणूस कधी येईल? कॅलिब्रेशनचं (काटा अचूक दाखवतो की नाही, त्या तपासणीचं) प्रमाणपत्र मिळेल का? हेच तीन प्रश्न तीन चौकोनांत गेले. शीर्षक झालं ‘कारखान्यांसाठी वजनकाटे: विक्री, दुरुस्ती, कॅलिब्रेशन’. दिसायला साधं आहे. पण पुढच्या वेळी कुणी सॉफ्टवेअरचं नाव काढलं नाही.

रेडिमेड थीम, म्हणजे साइटचा तयार साचा, वापरायला माझी हरकत नाही. मात्र थीममध्ये सहा चौकोन आहेत म्हणून सहा गुण जन्माला घालू नका; चार काढून टाका. स्लायडर, म्हणजे एकामागून एक सरकणाऱ्या स्लाइड्स, मला अजिबात पटत नाही. प्रत्येक विभागाला एकेक स्लाइड देऊन भांडण मिटवायची ती युक्ती आहे, आणि दुसरी स्लाइड यायच्या आत माणूस खाली गेलेला असतो. सीनियर निवडायचा तर ‘छान झालंय’ म्हणणारा नको. ‘हे कोणासाठी?’ असं दर वेळी विचारून वैताग आणणारा धरून ठेवा.

तांत्रिक बाजू थोडक्यात: वरचा मोठा फोटो लेझी लोडिंगवर (गरज पडेल तेव्हाच फोटो उशिरा आणायची सोय) टाकू नका. पानावरचा मुख्य भाग 2.5 सेकंदांच्या आत दिसावा, अशी गूगलची मर्यादा आहे आणि तो भाग बहुतेक वेळा हा फोटोच असतो. साध्या आकाराच्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान 4.5:1 हवा. माझा करडा नंबर त्यात केव्हाच नापास झाला असता.

लोकांना पान दाखवून चाचणी घ्यायला घाबरू नका, तिला खर्च लागत नाही. 5 जणांवर चाचणी घेतली तरी बहुतेक अडचणी समोर येतात, हे साइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी 2000 सालीच मांडलंय. पान पाच सेकंद दाखवा, झाका आणि विचारा, “ही कंपनी काय करते?” उत्तर ऐकताना मधे बोलू नका, समजावून सांगायला तर मुळीच जाऊ नका. साइटवर समजवायला तुम्ही नसणार आहात.

आणि तुमचं डिझाइन लोरेम इप्समसकट आधीच मंजूर झालं असेल, तर हातपाय गाळू नका. पूर्ण पान परत मागितलंत तर कुणी देणार नाही. फक्त शीर्षक आणि पहिलं बटण बदलायची परवानगी मागा आणि मागताना सोबत फोनवरच्या प्रश्नांची वही न्या. मला त्या वहीवरच होकार मिळाला.