घरचं सोयाबीन कोंबड्या-गाईंना घालताय? मग आधी हे बघा

भाव पडला की सगळ्यांच्या डोक्यात एकच येतं, विकण्यापेक्षा जनावरालाच घालू. घाला की, पण कच्चं नको. सोयाबीनमध्ये ३६ ते ४० टक्के प्रोटीन असतं हे खरं, पण कच्च्या दाण्यात ट्रिप्सिन इनहिबिटर नावाचा घटक असतो, तो प्रोटीन पचवणाऱ्या रसालाच अडवतो, म्हणजे कोंबडी खाते पोटभर आणि बरंचसं प्रोटीन विष्ठेतून बाहेर, वाढ खुंटते, अंडी कमी होतात. मोठ्या गाईला एवढा त्रास नाही, कारण तिच्या पहिल्या पोटातले जंतू तो घटक बऱ्यापैकी मोडतात. लहान वासराचं पोट अजून तयार नसतं, त्याला कच्चं अजिबात नको.

कोंबड्यांसाठी सोपं काम म्हणजे रात्रभर भिजवा, पाणी फेका, नव्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं खळखळून उकळा, कडक वाळवा आणि भरडा. गाईसाठी भाजलेलं बरं, कारण भाजल्याने प्रोटीन पहिल्या पोटात कमी फुटतं आणि पुढे आतड्यात जास्त मिळतं (यालाच बायपास प्रोटीन म्हणतात). फुटाणे भाजतात तसं गरम वाळूत भाजा, वाळू चाळून काढा आणि गरम ढीग अर्धा तास गोणीखाली झाकून ठेवा, म्हणजे उष्णता गाभ्यापर्यंत जाते. दाणा फोडून बघा, आत फिकट तपकिरी हवा. काळा पडला तर लायसिन (प्रोटीनचा एक गरजेचा घटक) साखरेशी बांधलं जातं आणि पचत नाही, मग कागदावर प्रोटीन तेवढंच दिसेल पण जनावराला मिळणार नाही.

नीट शिजलंय का हे घरीच कळतं. मूठभर दाणे भरडून बाटलीत टाका, चमचाभर युरिया, थोडं पाणी, झाकण घट्ट. वीस मिनिटांनी उघडल्यावर मुतारीसारखा झणझणीत वास आला तर माल कच्चा. कच्च्या सोयाबीनमधलं युरिएज नावाचं एन्झाइम युरियाचा अमोनिया करतं (नीट शिजलं की तेही मोडतं), म्हणून युरिया प्रक्रिया केलेला कडबा किंवा युरियावालं पशुखाद्य चालू असेल तर कच्चं सोयाबीन चुकूनही नको, गाईला विषबाधा होऊ शकते. आणि हो, पशुखाद्याच्या पोत्यावर लिहिलेलं प्रोटीन म्हणजे नायट्रोजन गुणिले ६.२५, त्यात युरियाही मोजला जातो, त्यामुळे नुसता आकडा बघून खूश होऊ नका.

गाईला २०० ग्रॅमपासून सुरू करा, हळूहळू एक किलोपर्यंत. त्यापुढे मी तरी जात नाही, दाण्यात १८ ते २० टक्के तेल असतं आणि ते जास्त झालं की चारा नीट पचत नाही.

अंड्यावरच्या कोंबड्यांना १० किलोचा अंदाज सांगतो: मका भरडा साडेपाच किलो, उकळून वाळवलेलं सोयाबीन दोन किलो, गव्हाचा कोंडा एक किलो, सुकटीची कुटी अर्धा किलो, शिंपल्याचा चुरा एक किलो. प्रोटीन साधारण १६ टक्के बसतं. मक्यात लायसिन कमी ते सोयाबीन भरून काढतं, सोयाबीनमध्ये मेथिओनिन (प्रोटीनचा असाच दुसरा घटक) कमी ते सुकट. वर मीठ टाकू नका, सुकटीत असतंच. पिल्लांना मात्र हे मिश्रण नको, एवढं कॅल्शियम त्यांच्या किडनीला झेपत नाही.

तयार सोया पेंड म्हणजे डीओसी आणत असाल तर ती कारखान्यातच तापवलेली असते, परत भाजत बसू नका. आणि घरचं सोयाबीन आठवड्यापुरतंच भरडा, नाहीतर तेल खवट होतं आणि कोंबड्या तोंड लावत नाहीत.