स्टारड्यू व्हॅलीत या चुका टाळा: बटण दाबून धरायचं असतं, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं

स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या व्हिडिओ गेममध्ये मी गावच्या लोहाराकडून, क्लिंटकडून, तांब्याची झारी करून घेतली. तांब्याच्या पाच लगडी आणि 2,000 गोल्ड (खेळातले पैसे) मोजले. त्यानंतर खेळातलं जवळजवळ अख्खं वर्ष मी त्या झारीनं पूर्वीसारखंच एकेका चौकोनाला पाणी घालत राहिले. नव्या झारीत पाणी जास्त मावतं, एवढाच फरक असणार अशी माझी समजूत होती. एका सकाळी बटणावरचं बोट उचलायला उशीर झाला आणि समोरचे तीन चौकोन एका दमात भिजले.

एरिक बॅरोननं एकट्यानं घडवून 2016 मध्ये आणलेला हा खेळ फार थोड्या गोष्टी समोर येऊन सांगतो. घरातल्या टीव्हीवर सोमवारी आणि गुरुवारी शेतीच्या सूचना देणारा कार्यक्रम लागतो, रोज उद्याचं हवामान सांगतात. पण आपण उठल्या उठल्या दाराबाहेर पळतो, कारण खेळातला दिवस खऱ्या घड्याळात पाव तासाचासुद्धा नसतो. काम चालून जातंय म्हटल्यावर दुसरं बटण दाबून बघायचं सुचत नाही. बहुतेक गोष्टी उशिरा कळतात त्या यामुळेच.

झारी आणि पाऊस

सुधारलेली झारी चालवताना बटण दाबून धरा. तांब्याची झारी ओळीत 3 चौकोन भिजवते, पोलादाची 5, सोन्याची 3 बाय 3 चा वाफा आणि इरिडियमची 18 चौकोन. शक्तीही कमी खर्च होते. कुदळीचंही तसंच आहे, दाबून धरली की ती एकदम जास्त जमीन खणते.

झारी सुधारायला टाकायचा दिवस निवडतानाही लोक चुकतात. क्लिंट ती दोन दिवस ठेवून घेतो आणि इकडे पीक तहानलेलं राहतं. टीव्हीवर उद्या पाऊस सांगितला की आज सकाळी पाणी घाला आणि झारी लगेच त्याच्याकडे द्या. त्याचं दुकान 9 ते 4 उघडं असतं. उद्याचं पाणी पाऊस देतो, परवा सकाळी झारी हातात. समजा हा मेळ चुकलाच, तरी घाबरू नका. पाणी न मिळालेलं पीक इथे मरत नाही, त्या दिवशी फक्त वाढत नाही. मला हे माहीत नव्हतं, म्हणून शक्ती संपत आली तरी शेवटच्या रोपापर्यंत धडपडायची.

पीक मरतं ते ऋतू बदलल्यावर. ऋतू 28 दिवसांचा असतो. लाल भोपळ्याला 13 दिवस लागतात, म्हणजे शरदात 15 तारखेनंतर त्याचं बी लावलं आणि खत वापरून वाढ लवकर करून घेतली नाही, तर पैसे मातीत गेले. बी विकत घेताना दिवस मोजायची सवय लावा.

वैरण

याबद्दल मी सविस्तर सांगणार आहे, कारण इथली चूक मुक्या जनावरांना भोगावी लागते आणि ते मला अजून लागतं.

खेळ सुरू होतो तेव्हा शेतात गवत माजलेलं असतं. नवा माणूस पहिल्याच आठवड्यात विळा घेऊन सगळं साफ करतो, मीही केलं. गावाकडे कुणी असं करेल का? कापलेल्या गवताची आधी गंज रचतात. पण पडद्यावर ते गवत मला तण वाटलं. सायलो, म्हणजे वैरण साठवायचं कोठार, बांधलेला नसेल तर कापलेल्या गवताची वैरण होतच नाही, ती हवेत विरते. सायलो असेल तर साध्या विळ्यानं दोनदा कापल्यावर साधारण एकदा वैरण मिळते आणि ती थेट सायलोत जाऊन पडते. हातात काहीच येत नाही, त्यामुळे सायलो नसताना वैरण वाया जातेय, हे लक्षातही येत नाही.

म्हणून गोठा किंवा खुराडं बांधायच्या आधी सायलो बांधा. गावातल्या सुतारणीला, रॉबिनला, 100 गोल्ड, 100 दगड, 10 चिकणमाती आणि तांब्याच्या 5 लगडी द्याव्या लागतात. चिकणमाती कुदळीनं जमीन खणताना मिळते, ती विकू नका.

एका सायलोत 240 वैरणी मावतात. एक जनावर दिवसाला एक वैरण खातं. हिवाळ्यात जनावरं बाहेर चरत नाहीत, तेव्हा आठ जनावरांना 28 दिवसांच्या 224 लागतात. शरद संपायच्या आत भरलेला एकच सायलो त्यांना पुरतो. तो नसेल तर जनावरं आणि वैरण विकणाऱ्या मार्नीकडे 50 गोल्डला एक याप्रमाणे 11,200 गोल्ड जातात. पहिल्या हिवाळ्यात एवढे पैसे क्वचितच कुणाकडे असतात. उपाशी जनावर मरत नाही, पण रुसतं आणि दूध-अंडी देणं थांबवतं.

सायलो भरलेला असूनही जनावरं उपाशी दिसत असतील तर गव्हाण बघा. साध्या गोठ्यात वैरण आपणहून गव्हाणीत येत नाही, भिंतीजवळच्या हॉपरमधून (सायलोतली वैरण देणाऱ्या पेटीतून) काढून रोज घालावी लागते. गोठा सुधारून डिलक्स झाला की हे काम आपोआप होतं.

गळाला आमिष

मासेमारी कंटाळवाणी वाटते अशी तक्रार मी बऱ्याच जणांकडून ऐकली आहे. विचारलं की कळतं, आमिष पिशवीत पडून आहे आणि गळ रिकामा आहे. आमिष नुसतं जवळ असून चालत नाही. कॉम्प्युटरवर सामानाच्या खिडकीत डाव्या क्लिकनं ते उचलायचं आणि गळावर नेऊन उजवा क्लिक करायचा. मग मासा लवकर लागतो. बांबूच्या पहिल्या गळाला आमिष लागतच नाही. त्यासाठी मासेमारीची दुसरी पातळी गाठून मासेमारीच्या दुकानातल्या विलीकडून 1,800 गोल्डचा फायबरग्लासचा गळ घ्यावा लागतो. आमिष त्याच्याकडेच 5 गोल्डला एक मिळतं.

आणखी थोडं

गोठा चुकीच्या जागी बांधला म्हणून पाडू नका. रॉबिनच्या बांधकामाच्या यादीत इमारत हलवायची सोय आहे आणि तिला एक पैसा लागत नाही. घेवडा मांडवावर चढतो आणि त्यातून चालता येत नाही, म्हणून त्याचा भरीव चौकोन न लावता ओळी लावा. नाहीतर मधल्या वेलींपर्यंत हात पोचत नाही. वाइनच्या पिंपात सोनेरी ताऱ्याचं, म्हणजे उंची प्रतीचं फळ घातलं तरी वाइन साध्या प्रतीचीच होते. चांगली फळं तशीच विका, पिंपात साधी घाला.

हे सगळं उशिरा कळलं की नवा खेळ सुरू करायचा मोह होतो. त्याचं मोठं कारण आजोबा, म्हणजे ज्यांचं शेत आपल्याला मिळालेलं असतं ते वारलेले आजोबा. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी ते येऊन आपल्या कामाचं मोल करतात आणि समाधीपाशी एक ते चार मेणबत्त्या लागतात. माझी दोन वर्षं अशी गेल्यावर मला दोनच मिळाल्या आणि सगळं हातातून गेलं असं वाटलं. मग कळलं की त्या समाधीवर हिरा ठेवला तर आजोबा पुन्हा येतात आणि नव्यानं मोजतात. वर्षाची अट नाही, सहाव्या वर्षी ठेवला तरी चालतो. मी पाचव्या वर्षीच्या वसंतात ठेवला, तेव्हा चारही लागल्या.