ठेव ठेवण्याआधी बँक तपासा

केळीचे, कापसाचे पैसे हाती आले की जळगाव-धुळ्याकडे जास्त व्याजाची जाहिरात आधी डोळ्यांत भरते. पावती करण्यापूर्वी संस्था बँक आहे की पतसंस्था, ते पाहा. बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचा (रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचा) विमा असतो: मुद्दल-व्याज धरून, सगळ्या शाखा मिळून, माणशी 5 लाखांपर्यंत. पतसंस्थेला तो नाही. विमाकृत बँकांच्या यादीत नाव शोधा. रक्कम मोठी असेल तर दुसऱ्या बँकेत विभागा. दुसरी शाखा कामाची नाही.

मग वार्षिक अहवाल मागा. देताना कुरकुर झाली तर तिथेच उठावे. थकबाकी, संचालक व नातलगांची कर्जे आणि लेखापरीक्षकाचे शेरे वाचा.

एकाच मंडळींच्या तीन-चार संस्था असतील तर जास्त सावध राहा. पाकिस्तानी बँकर आगा हसन आबेदींच्या बीसीसीआयने (बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनल, स्थापना 1972) हेच केले: मूळ कंपनी लक्झेंबर्गची, कारभार लंडनहून, एक मोठी शाखाकंपनी केमन बेटांवर. 1987 पर्यंत या भागांचे हिशेब वेगवेगळे लेखापरीक्षक तपासत, त्यामुळे बुडीत कर्जे इकडून तिकडे लपत. 5 जुलै 1991 ला नियामकांनी तिला टाळे ठोकले. म्हणून आपल्याकडेही सगळ्या संस्थांचे ताळेबंद एकाच तारखेचे घ्या आणि एकमेकींना दिलेल्या रकमा जुळवा.