लॉन पिवळं झालं म्हणून घाबरू नका

बर्फ वितळून लॉन हिरवं झालं की नवीन घर घेतलेल्या आपल्या मंडळींचे फोन सुरू होतात. काल हिरवंगार होतं, आज सगळीकडे पिवळी फुलं, शेजारी काय म्हणतील, कुठलं औषध मारू? पहिल्या वर्षी कुठलंच मारू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो. आधी हे पिवळ्या फुलांचं तण, म्हणजे डँडेलियन, नीट बघून घ्या.

पानं जमिनीला चिकटून गोल पसरलेली असतात, त्यामुळे गवत कापायच्या मशीनचं पातं वरून निघून जातं. देठ पोकळ, मोडला की रुईसारखा पांढरा चीक. खाली गाजरासारखं सोटमूळ, वीतभर तर सहज. सगळी मेख त्या मुळात आहे. पानं धरून ओढलीत की ते मध्येच तुटतं आणि उरलेल्या तुकड्यातून पुन्हा फुटतं, कधी एकाच्या जागी दोन-तीन कोंब. माझी पहिली दोन वर्षं अशा ओढाओढीत वाया गेली. व्हिनेगर किंवा उकळतं पाणी ओतलं तर पानं जळतात, पण जुनं मूळ बहुधा वाचतं आणि आजूबाजूचं गवत मात्र मरतं.

उपटायचं ते पाऊस पडून गेल्यावर, माती मऊ असताना. टोकाला खाच असलेलं लांब, अरुंद खुरपं घ्या. मुळाच्या कडेने सरळ खाली घाला, हलवून माती सैल करा, मग बुंध्याशी धरून सावकाश ओढा. मूळ अख्खं सुटलं की हाताला कळतं. खड्ड्यात लगेच माती आणि गवताचं बी टाका. उघडी जागा दिसली की तिथे नवं तण आलंच.

लहानपणी आपण रुईच्या म्हाताऱ्या पकडायला धावायचो, तशीच मुलं याचा पांढरा गोळा फुंकतात. फुंकू द्या. एक फूल म्हणजे १०० ते २०० बारीक फुलांचा गुच्छ, त्यातल्या प्रत्येकाचं एक बी, आणि बहुतेक रोपांना बी धरायला परागीभवनही लागत नाही. वाऱ्यावर येणारं बी तुम्ही कुठे कुठे अडवणार? फक्त शेजाऱ्याच्या कुंपणालगतची फुलं पिवळी असतानाच खुडा, तेवढा शेजारधर्म पाळायलाच हवा. खुडलेली फुलं गवतावर टाकू नका, तिथे पडल्या पडल्याही त्यांचं बी पिकतं.

खरा इलाज दाट गवत. गालिच्यासारखं बारीक कापायचा मोह आवरा, ७-८ सेंटिमीटर उंची ठेवा. सावलीत नवं बी रुजायला त्रास होतो. शरदात विरळ जागी गवताचं बी पेरा.

एवढं करूनही औषध लागलंच, तर तेही शरदातच. तेव्हा रोप पानांतलं अन्न मुळाकडे पाठवतं, त्याबरोबर औषधही खाली पोचतं. काही ठिकाणी घरच्या लॉनवर तणनाशकांना बंदी असते, म्हणून आधी तुमच्या नगरपालिकेचे नियम वाचा.

मागच्या अंगणातला एक कोपरा मी तसाच सोडतो. वसंताच्या सुरुवातीला मधमाश्यांना फार थोडी फुलं मिळतात. ऊन पडलं की ही उमलतात, आभाळ आलं की मिटतात. मधमाश्या बघायच्या असतील तर ऊन चढल्यावर जा.