आधी मजकूर, मग यंत्र: गोव्यात कॉलेजला जाणाऱ्या दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्यांसाठी

बारावीनंतर पहिला प्रश्न येतो तो यंत्राचा. कुठला लॅपटॉप, कुठला फोन, ब्रेल डिस्प्ले (मजकूर ब्रेल टिंबांत उठवणारं यंत्र) घ्यावा की नको? हा प्रश्न दोन महिने पुढे ढकलला तरी बिघडत नाही. अडतं ते मजकुरापाशी. गोव्यात एकाच वर्गात इंग्रजी टिपणं, मराठी पुस्तक, देवनागरी कोंकणी आणि कधीकधी रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी असं सगळं एकत्र येतं. यातलं काय आपल्याला वाचता येण्याजोगं आहे आणि काय आधी तसं करून घ्यावं लागेल, हे ओळखता आलं की साध्या लॅपटॉपवरही पदवी होते. ते ओळखता आलं नाही तर महागडं यंत्रही मुकंच राहतं.

फाइल दिसते मराठी, असते भलतीच

शिक्षक पीडीएफ पाठवतात, डोळस मैत्रीण म्हणते ‘छान मराठी आहे’, आणि स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, मात्र इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम यांची खिचडी ऐकवतो. दोष स्क्रीन रीडरचा नाही. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटांत टाइप केलेल्या मजकुरात आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फाँट फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. डीटीपीवाल्यांकडे हे फाँट अजून सर्रास चालतात.

परीक्षा सोपी आहे. एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. खिचडी ऐकू आली तर फाँट जुना. मराठी ऐकू आलं, पण वेलांट्या भलत्या अक्षरावर आणि जोडाक्षरं तुटलेली असतील, तर फाइल युनिकोड आहे, म्हणजे आत खरी देवनागरी अक्षरंच आहेत, पण पीडीएफ बनताना आतला क्रम बिघडला आहे. काहीच ऐकू आलं नाही तर ते पान म्हणजे निव्वळ चित्र.

जुन्या फाँटची वर्ड फाइल हाती असेल तर फाँट बदलणारी कन्व्हर्टर साधनं उपयोगी पडतात. मात्र फाँटचं नेमकं नाव माहीत हवं, कारण श्रीलिपीच्याही आवृत्त्या अनेक आहेत आणि चुकीची निवडली तर निम्मी अक्षरं बरोबर आणि निम्मी चूक येतात. हे सगळंच चूक येण्यापेक्षा वाईट, कारण चूक लवकर लक्षात येत नाही. बाकी दोन्ही प्रकारांत पीडीएफशी झटापट करू नका, सरळ ओसीआर करा, म्हणजे पानाच्या चित्रातून अक्षरं ओळखून मजकूर काढा. त्याहून उत्तम म्हणजे टाइप करणाऱ्याला आधीच सांगणं: ‘युनिकोडमध्ये, मंगल किंवा निर्मला फाँटमध्ये, वर्ड फाइल द्या.’ एवढं एक वाक्य वर्षभराचे कष्ट वाचवतं.

कागदावरून मजकूर काढताना

स्कॅनर असेल तर ३०० डीपीआय आणि ग्रेस्केल, बारीक अक्षरांच्या जुन्या पुस्तकाला ४००. फोनने काढायचं असेल तर ए-४ पानापासून फोन साधारण ३० ते ३५ सेंटिमीटर वर धरा. दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली की हात हलत नाही. रोज वीस-पंचवीस पानं काढायची असतील तर पुठ्ठ्याच्या खोक्याला वर कॅमेऱ्याएवढं भोक पाडा आणि एक बाजू उघडी ठेवा. विकतच्या स्टँडपेक्षा हे कमी हलतं. पान गडद रंगाच्या टेबलावर ठेवलं तर कडा नीट ओळखल्या जातात. उघडलेल्या पुस्तकाची दोन पानं एकदम घेऊ नका, ओळी आडव्या जोडल्या जाऊन डावीकडच्या अर्ध्या वाक्याला उजवीकडचं अर्धं चिकटतं. आणि खोलीतला दिवा लावा. ज्यांना उजेडाची गरज पडत नाही त्यांच्याकडून नेमकं हेच राहतं, मग फोनवर ठपका येतो. पावसाळ्यात लेन्सवर वाफ धरते, फोटोआधी ती सुती कपड्याने पुसावी.

मराठीसाठी गूगल ड्राइव्हचा मार्ग फुकट आणि भरवशाचा आहे. चित्र किंवा पीडीएफ अपलोड करायची आणि ‘ओपन विथ’मधून गूगल डॉक्समध्ये उघडायची. फाइल २ एमबीच्या आत ठेवा, मोठ्या पुस्तकाचे पाच-सहा पानांचे तुकडे करा. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये एनव्हीडीए+आर (एनव्हीडीए कळ म्हणजे सहसा इन्सर्ट) दाबून होणारं ओसीआर विंडोजवर अवलंबून असतं, इंग्रजीला ते झकास चालतं, मराठीला नाही. फोनवर गूगल लेन्स किंवा भारतीय भाषांसाठी बनवलेलं किबो ॲप वापरून पाहा.

ओसीआर कितीही चांगलं असलं तरी काही चुका ठरलेल्या: ध आणि घ, भ आणि म, ब आणि व यांची अदलाबदल, अनुस्वार गळणं, देवनागरी आकड्यांच्या जागी भलतेच आकडे. इतिहासाच्या पानावरची सनावळी ओसीआरवर सोडू नये, डोळस माणसाकडून पाच मिनिटांत तपासून घ्यावी. तक्ते तर जवळपास नेहमीच मोडतात, ते वाचून घेऊन नव्याने टाइप केलेले बरे.

स्वतः ओसीआर करण्याआधी पुस्तक तयार आहे का ते बघा. २०१६ मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात डेझी, ईपब आणि ब्रेल फाइली मिळतात. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे दृष्टिहीनांसाठी अशी सुलभ प्रत करणं कायदेशीर आहे. त्यामुळे पुस्तक स्कॅन करताना कोणी ‘हे चालतं का?’ म्हणून अडवलं तर गप्प बसायचं कारण नाही.

आवाज

एनव्हीडीए फुकट आहे, २००६ पासून विकसित होत आहे आणि विंडोजवर चालतं. जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर विकत घ्यावा लागतो. नव्या माणसाने एनव्हीडीएपासूनच सुरुवात करावी. त्यातला ईस्पीक आवाज पहिल्या दिवशी डबा वाजवल्यासारखा वाटतो आणि बहुतेक जण तो लगेच बदलतात. घाई करू नका. त्याच्यात मराठी आहे, कोंकणीही आहे, आणि मराठी निवडलं असताना मध्ये आलेले इंग्रजी शब्द तो इंग्रजी नियमांनीच उच्चारतो. आपल्या मिसळीच्या टिपणांना हाच गुण हवा असतो. शिवाय वेग वाढवला तरी तो फुटत नाही. विंडोजचा हिंदी आवाज कानाला गोड लागतो, पण ‘चमचा’ आणि ‘जग’ हिंदी धाटणीने म्हणतो. लांबलचक मराठी धडा निवांत ऐकायचा असेल तर एज ब्राउझरमधले आरोही आणि मनोहर हे आवाज उत्तम, कंट्रोल+शिफ्ट+यू दाबलं की वाचन सुरू होतं. त्यांना इंटरनेट लागतं, आणि जूनमध्ये गावात नेट आणि वीज एकदमच जातात.

मराठीसाठी एनव्हीडीएमध्ये वेगळं प्रोफाइल करून ठेवा: एनव्हीडीए+कंट्रोल+पी. त्यात आवाज मराठी, वेग थोडा कमी. इनपुट जेश्चर्समध्ये त्याला एक कळ जोडली की क्षणात अदलाबदल होते.

रोमी कोंकणीचं दुखणं वेगळं. रोमीत नाकातला उच्चार दाखवायला शब्दाच्या शेवटी एम लिहितात आणि इंग्रजी आवाज तो एम ठणठणीत म्हणतो, त्यामुळे ‘गोंय’चं ‘गोएम’ होतं. यावर आवाज बदलून इलाज नाही. मजकूर देवनागरीत करून घ्यावा, नाहीतर कान तयार करावा. दोन आठवड्यांत कान तयार होतोही.

टिपणं काढणं

रेकॉर्डिंग म्हणजे टिपण नव्हे. पन्नास मिनिटांच्या तासातली एक व्याख्या शोधायला पन्नास मिनिटं ऐकावं लागतं, आणि परीक्षेआधी अशा साठ फाइली जमलेल्या असतात. शिक्षकांची परवानगी घेऊन रेकॉर्डिंग जरूर करा. फोन पुढच्या बाकावर, घडी घातलेल्या रुमालावर ठेवा, म्हणजे बाकाचे ठोके आणि पंख्याची घरघर कमी येते. पण त्याच संध्याकाळी दीडपट वेगाने ऐकून पानभर मजकूर टाइप करा आणि रेकॉर्डिंगची फाइल पुसून टाका.

वर्गात टाइप करायचं तर एकाच कानात इअरफोन, दुसरा कान शिक्षकांसाठी. एनव्हीडीए+२ ने अक्षरांचा आणि एनव्हीडीए+३ ने शब्दांचा उच्चार बंद करता येतो. दोन्ही बंद करून टाइप करायची सवय महिन्याभरात होते. वर्डमध्ये प्रकरणाला कंट्रोल+आल्ट+१ आणि उपमुद्द्याला कंट्रोल+आल्ट+२ दाबून शीर्षक द्या. नंतर एनव्हीडीए+स्पेसने ब्राउझ मोडमध्ये जाऊन एच दाबत गेलं की शीर्षकावरून शीर्षकावर उडी मारता येते. नुसतं ठळक केलेलं अक्षर डोळ्याला शीर्षक वाटतं, एनव्हीडीएला नाही. शंका आली तिथे दोन ॲट चिन्हं टाका, घरी कंट्रोल+एफने सगळ्या शंका एका दमात सापडतात. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते.

मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरीची ठरलेली कळमांडणी, शिका. इंग्रजीवरून मराठी करणारा फोनेटिक कीबोर्ड सोपा वाटतो, पण तो अंदाज बांधतो आणि अंदाज चुकला की ऐकून कळत नाही. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. एफ आणि जे कळांवर ज्या गाठी असतात तिथे ऱ्हस्व वेलांटी आणि र येतात. पाय मोडायचा तो डी कळीने. ‘गोवा’ म्हणजे आय, ए, बी, ई. विंडोज+स्पेसने भाषा बदलते. रोज अर्धा तास दिला तर सहा आठवड्यांत बोटं बसतात.

शुद्धलेखनाचं मात्र खरं बोललं पाहिजे: फक्त ऐकून शिकणाऱ्याचं ऱ्हस्व-दीर्घ कच्चं राहतं, कारण आवाजात तो फरक जवळपास ऐकूच येत नाही. एनव्हीडीएच्या लॅपटॉप कळमांडणीत एनव्हीडीए+पूर्णविराम दाबून एकेक अक्षर तपासता येतं, पण एवढं चिकाटीने कोण करतो! इथे ब्रेलला पर्याय नाही. भारती ब्रेलमध्ये (भारतीय भाषांच्या ब्रेलमध्ये) ऱ्हस्व इ म्हणजे २-४ टिंबं आणि दीर्घ ई म्हणजे ३-५, बोटाखाली दोन्ही साफ वेगळी. मराठी किंवा कोंकणी साहित्य घेणाऱ्याने म्हणूनच ब्रेल डिस्प्लेचा विचार करावा. ऑर्बिट रीडर २० आणि मुंबईच्या इनोव्हिजनचं ब्रेलमी ही दोन्ही २० घरांची, म्हणजे एका वेळी तीन-चार शब्द. एनव्हीडीएच्या ब्रेल सेटिंगमध्ये मराठीचं टेबल निवडलं नाही तर देवनागरीच्या जागी निरर्थक टिंबं उठतात आणि लोक यंत्र बिघडलं म्हणून परत पाठवतात. वापरण्याआधी हात धुऊन कोरडे करा. घाम आणि धूळ आत गेली की एखादं टिंब वर येईनासं होतं. आपल्याकडच्या दमट हवेत यंत्र झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत ठेवावं. पाटी-लेखणीने उठवलेले कागदही तसेच जपा: ओल धरलेल्या कागदावरची टिंबं चार वाचनांत बसतात. कागद जाड घ्या आणि गठ्ठा उभा ठेवा, आडव्या गठ्ठ्यात खालच्या पानांवर भार पडतो. विकत घेण्याआधी यंत्र हाताळून बघायचं असेल तर २०२३ पासून पणजीत भरणारा पर्पल फेस्ट हा अपंगांचा महोत्सव बरा, तिथे तासभर शांतपणे चाचपू देतात का ते मात्र गर्दीवर आहे.

अल्पदृष्टी असलेल्यांनी विंडोज+अधिकने मॅग्निफायर, कंट्रोल+आल्ट+आयने रंग उलटे आणि विंडोज+एस्केपने बंद, एवढं लक्षात ठेवावं. पण दिवसभर डोळ्यांनीच वाचायचा हट्ट धरू नये: लांब धडा कानाने, तक्ता आणि नकाशा डोळ्यांनी.

परीक्षेच्या आधी

४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं ओळखपत्र) तयार ठेवा. म्हापसा आणि मडगावची जिल्हा रुग्णालयं किंवा बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), कुठेही जायचं तरी जून उजाडेपर्यंत थांबू नका. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला तासभर. लेखनिक घेणार की संगणकावर लिहिणार हे कॉलेजला लेखी आणि आधी कळवा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. संगणक असेल तर आदल्या दिवशी तो तपासून पाहण्याची मुभा सूचनांत आहे, ती वापरा. तपासताना मराठी आवाज आहे का, इनस्क्रिप्ट सुरू आहे का, स्पेल-चेक बंद करायचं ठरलं आहे का आणि फाइल कुठे सेव्ह होणार, हे चार प्रश्न विचारा. प्रश्नपत्रिका जुन्या फाँटच्या पीडीएफमध्ये येणार नाही ना, हा पाचवा. स्वतःचा यूएसबी कीबोर्ड आणि वायरचा इअरफोन न्या. ब्लूटूथचा इअरफोन परीक्षागृहात आत घेऊ देतीलच असं नाही.