क्रोशाचे फोटो: या चुका टाळा

"ताई, पंधरा दिवस खपून हा रुमाल केला, पण कुणी विचारतच नाही हो." महिन्यातून तीन-चारदा तरी असा निरोप येतो, सोबत फोटो. फोटोत फुलाफुलांची चादर, ट्यूबलाइटचा निळसर उजेड, कोपऱ्यात कुणाच्या तरी पायाचा अंगठा आणि मध्ये कुठेतरी तो बिचारा रुमाल. विणकाम बहुतेक वेळा छान असतं. फोटोच असा असतो की रुमाल आहे की पायपुसणं, तेच कळत नाही.

पहिली आणि माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे रात्री काढलेला फोटो. शेवटचा खांब, म्हणजे क्रोशाचा उभा टाका, रात्री साडेअकराला घातला जातो आणि मग सकाळपर्यंत दम निघत नाही. मला हे कळतं, कारण मीही हेच केलंय. मोरपंखी रंगाची एक शाल पूर्ण झाली, तेव्हा खोलीत एका बाजूला पिवळा बल्ब होता, दुसऱ्या बाजूला ट्यूब. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर: पिवळा बल्ब साधारण 2700 केल्विनचा, पांढरी ट्यूब 6500 च्या आसपास. फोन अख्ख्या फोटोचा रंग एकाच हिशेबाने सुधारतो, दोन उजेड एकदम त्याला झेपत नाहीत. त्यामुळे शाल अर्धी हिरवट, अर्धी निळसर आली. मी शहाणीने त्यावर फिल्टर चढवला आणि शाल छान निळी करून टाकली. एका बाईंनी निळ्या साडीवर घ्यायची म्हणून ती मागवली. पार्सल उघडल्यावर त्यांचा निरोप आला, "ही माझी शाल नव्हे." त्यांचं काय चुकलं? पैसे परत केले, जातायेताचं कुरिअर माझ्या अंगावर पडलं. शाल अजून घरात आहे, थंडीत मीच पांघरते.

तेव्हापासून माझा नेम ठरलाय. सकाळी नऊ ते अकरा, खिडकीपाशी, घरातले सगळे दिवे बंद. उजेड वस्तूच्या बाजूने यायला हवा, म्हणजे प्रत्येक खांबाची बारीक सावली पडते आणि वीण उठून दिसते. समोरून फ्लॅश मारलात तर सगळी वीण सपाट होते. थेट ऊन येत असेल तर मी सासऱ्यांचं जुनं धोतर खिडकीला लावते, ऊन मऊ होतं. सावलीची बाजू फारच काळी पडली तर तिथे पांढरा थर्माकोल उभा करते. पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ तर फोटोसाठी वरदान, पण तेव्हा सगळ्यांना कंटाळा आलेला असतो. मोरपंखी, राणी, अबोली असले अडचणीचे रंग असतील तर वस्तूशेजारी कोरा कागद ठेवून एक फोटो काढा. कागद पिवळा किंवा निळा दिसला तर रंग चुकलाय. शिवाय गिऱ्हाइकाला रंग शब्दांत लिहून कळवा, लोकरीच्या गुंड्यावरच्या पट्टीवर शेड नंबर असतो तोही द्या.

दुसरी चूक घाईची. सुईवरून उतरली की वस्तू थेट फोनसमोर! कडा गुंडाळलेल्या, गोल रुमालाची वाटी झालेली, एक टोक लोंबतंय. कॅमेरा ते सगळं इमानेइतबारे दाखवतो. आधी टोकं आत ओवून घ्या. सुती दोऱ्याचं काम असेल तर ओलं करून, गादीवर टॉवेल पसरून त्यावर टाचण्यांनी ताणून बसवा आणि रात्रभर वाळू द्या. टेबलावरच्या रुमालांना साबुदाण्याची पातळ खळ द्यायची आजीची रीत मी सोडलेली नाही, पाकळ्या ताठ उभ्या राहतात. "इस्त्री फिरवली तर नाही का चालणार?" हा प्रश्न मला हमखास येतो. अॅक्रिलिक लोकरीवर गरम इस्त्री टेकवलीत तर ती कायमची लुळी आणि चकचकीत होते, मग कितीही चांगला फोटो काढा. एका रात्रीचा धीर नसेल तर क्रोशा कशाला घेतलात, असं तोंडावर येतं. बोलत नाही.

पांढऱ्या कामाचं एक वेगळंच दुखणं. पांढरा रुमाल फोटोत मळका दिसतो, कारण खूप पांढरं दिसलं की फोन उजेड कमी करतो. स्क्रीनवर रुमालावर बोट टेकवा, बऱ्याच फोनमध्ये सूर्याचं चिन्ह येतं, ते थोडं वर सरकवा. काळ्या लोकरीला उलट, खाली. आणि पांढऱ्या जाळीखाली गडद, साधं कापड घाला. खण आणि पैठणी घालून "पारंपरिक टच" देणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. काठ बघायचा की जाळी?

पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. तो जाळीची भोकं आणि कडेचे कंगोरे धूसर करून टाकतो, आणि लोकांना नेमकं तेच बघायचं असतं.

गोल रुमाल अंड्यासारखा दिसत असेल तर स्टुलावर चढा, फोन रुमालाला समांतर धरा. अगदी जवळ जाऊ नका, दोन पावलं मागे सरून दुप्पट झूम करा.

लेन्स पुसा. पदराने नको, कोरड्या मऊ कापडाने. स्वयंपाक करता करता फोन हाताळणाऱ्यांच्या फोटोत जे धुकं असतं ते तेलाचं असतं.

मापासाठी नाणं ठेवू नका, हात दाखवा. बाळाची कुंची असेल तर मुठीवर चढवून दाखवा आणि इंच लिहाच.

आणि मला फोटो दाखवायला पाठवाल तेव्हा व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबून बारीक होतो आणि टाके मोजता येत नाहीत. मी मोजते.